क्यूच्या अभिलेखागाराची डिजिटल सेवा: स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या पुण्यात बसून वाचताना

पुण्याला जुन्या कागदांचे वेड नवे नाही. पेशवे दफ्तरातले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडून मोडीची पाने लावत बसणाऱ्यांच्या या गावात दुसऱ्या महायुद्धातल्या एका लाकडी ब्रिटिश विमानाचे कागद शोधणारा माणूस फारसा विचित्र ठरत नाही. फक्त त्याचे रुमाल लंडनजवळच्या क्यू येथे, द नॅशनल आर्काइव्ह्ज या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात असतात. ते रुमाल कोथरूडमधल्या टेबलावर कितपत उलगडतात, हे या परीक्षणात सांगायचे आहे.

माझी गरज अगदी नेमकी होती. डी हॅविलंड कंपनीच्या मॉस्किटो विमानाची, सहाव्या आवृत्तीची, १:७२ प्रमाणातली प्रतिकृती मी तयार करत आहे आणि ती रॉयल एअर फोर्स या ब्रिटिश हवाई दलाच्या ४५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची, म्हणजे तुकडीची, १९४४च्या अखेरीस आसामात सिल्चरजवळच्या कुंभीरग्राम तळावर असताना जशी होती तशी दिसावी, असा हट्ट आहे. डबीतल्या चित्रावर विसंबून रंग आणि क्रमांक देणे सोपे असते. पण प्रत्यक्षात त्या तळावरून त्या महिन्यात कोणते विमान उडाले, हे ठाऊक झाल्याशिवाय शेपटीजवळ क्रमांक चिकटवायचा नाही, असे आम्ही तिघा मित्रांनी ठरवून घेतले आहे.

सेवेचा गाभा म्हणजे अभिलेखागाराची ‘एआयआर २७’ ही मालिका. हवाई दलाच्या स्क्वॉड्रनांच्या कामकाजाच्या नोंदवह्या तिच्यात आहेत आणि त्या स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२०मध्ये, अभिलेखागाराने नोंदणीकृत वाचकांसाठी डिजिटल कागदांवरचे शुल्क काढून टाकले आणि माझ्यासारख्या परदेशातल्या वाचकाला हा सगळा खजिना खऱ्या अर्थाने तेव्हाच खुला झाला. नाव नोंदवावे, स्क्वॉड्रनचा क्रमांक आणि वर्ष द्यावे, हवे ते संच टोपलीत टाकावेत आणि पीडीएफ उतरवून घ्यावी, इतकेच करायचे असते. युद्धकाळातल्या महिन्यांचे बहुतेक दोन स्वतंत्र संच मिळतात: एक घडामोडींच्या सारांशाचा आणि दुसरा उड्डाणांच्या तपशिलाचा. नवखा माणूस पहिलाच उतरवतो आणि विमानांचे क्रमांक कुठे आहेत म्हणून डोके खाजवत बसतो. मीही बसलो होतो.

सारांशाचा कागद म्हणजे ‘फॉर्म ५४०’. त्यात पाऊस, बदल्या, पाहुणे, खेळाचे सामने आणि मोहिमांचा गोषवारा असतो. तपशिलाचा कागद म्हणजे ‘फॉर्म ५४१’ आणि प्रतिकृतीवाल्याचे खरे धन त्यातच आहे: तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, वैमानिक आणि नॅव्हिगेटर, कामगिरी, उड्डाणाची आणि परतण्याची वेळ, आणि शेवटी दोन-चार ओळींचा वृत्तान्त. मॉस्किटोमध्ये दोनच माणसे शेजारी शेजारी बसत असल्याने रकाना चटकन वाचता येतो. सात जणांच्या लँकास्टर बॉम्बरची पाने पाहिली तर ही सोय किती मोठी, ते कळते. माझ्या वाचनात विश्रांतवाडीच्या एका काकांची फार मदत झाली. ते हवाई दलात कॅनबेरा विमानांवर फिटर होते. भारताने ही ब्रिटिश बनावटीची बॉम्बर विमाने १९५७पासून २००७पर्यंत वापरली, त्यामुळे ब्रिटिश वळणाची नोंदवही काकांच्या अंगवळणी पडलेली आहे. ‘यू/एस’ हे लघुरूप अमेरिकेचे नसून ‘विमान नादुरुस्त’ या अर्थाचे आहे, हे त्यांनी हसून सांगितले तेव्हा माझी एक अख्खी टिपणवही चुकीची ठरली.

या नोंदवह्या काय सांगतात त्याइतकेच काय सांगत नाहीत, हे ओळखणे महत्त्वाचे आहे. १९४४च्या उत्तरार्धात पूर्वेकडच्या, म्हणजे भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर काही मॉस्किटो हवेतच मोडून पडली आणि नोव्हेंबरमध्ये तिथली सगळी मॉस्किटो तपासणीसाठी जमिनीवर बसवली गेली. पुण्यात पावसाळ्यात ज्याचे दार फुगून बसते, त्या प्रत्येकाला यामागचे कारण आधीच पटलेले असते: प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचे थर गोंदाने जोडून केलेले विमान, त्यावर आसामचा पाऊस, मग गोंद सुटणारच. काकांचे आणि माझेही हेच मत होते. भारतात आलेल्या डी हॅविलंड कंपनीच्या पहिल्या पथकानेसुद्धा डिसेंबरमध्ये पावसाळी हवेत सांगाडा आकसल्याकडे बोट दाखवले होते. परंतु पुढच्या चौकशांत कारखान्यातली सदोष जुळणी हेच कारण निश्चित झाले, कारण पाऊस कधीही न पाहिलेल्या, इंग्लंडमध्येच असलेल्या विमानांतही तसेच दोष सापडले. आता या घटनाक्रमात स्क्वॉड्रनची नोंदवही कुठे बसते? उड्डाणे थांबली की ५४१ अबोल होतो, कारण त्यात मोहिमा तेवढ्याच लिहिल्या जातात. ५४०मधून तळावर त्या दिवशी काय माहीत होते ते समजते, मोडण्याचे कारण नव्हे. अपघाताची मीमांसा शोधणाऱ्याने विमान उत्पादनाच्या कागदांच्या ‘एव्हिया’ मालिकेकडे वळावे. एकाच नोंदवहीवर निष्कर्ष उभारणारे हौशी संशोधक नेमके इथे घसरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगाच्या बाबतीतही तेच. पूर्वेकडच्या मॉस्किटोंना पुढे उष्णता परतवण्यासाठी सर्वांगी चंदेरी रंग देण्यात आला, तर आधीची विमाने हिरव्या-करड्या छलावरणात (कॅमोफ्लाजमध्ये) होती. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून पंखांवरच्या ब्रिटिश खुणेच्या वर्तुळातला लाल रंगही या आघाडीवर काढलेला होता. यातले एक अक्षरही ५४१मध्ये नाही. रंगासाठी इम्पीरियल वॉर म्युझियमची छायाचित्रे पाहावी लागतात आणि एखाद्या विमानाची कारखान्यापासून मोडीत निघेपर्यंतची हकीकत हवी असेल, तर ‘फॉर्म ७८’ ही हालचालींची कार्डे लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहेत, क्यूमध्ये नव्हेत.

सेवेतली मला सर्वांत खटकलेली मर्यादा शोधाची आहे. सूची स्क्वॉड्रन आणि महिना ओळखते. विमानाचा क्रमांक किंवा वैमानिकाचे नाव टाकले तर ती आतल्या पानापर्यंत पोचत नाही. ज्याच्या हाती नुसता क्रमांक आहे, त्याने आधी एअर-ब्रिटन या १९४८पासून चालणाऱ्या अभ्यासकांच्या संस्थेची क्रमांकवार सूची पाहून स्क्वॉड्रन ठरवावी आणि मग इथे यावे. स्कॅनची प्रत एकंदरीत चांगली आहे, मात्र कार्बन प्रतीवरून उतरवलेल्या पानांत ३ आणि ८ यांचा भेद करताना डोळे दुखतात. अशा वेळी तेच विमान दुसऱ्या दिवशीच्या पानावर शोधणे हा एकच उपाय मला सापडला.

ही पाने मोबाइलवर वाचण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. छापून घेणेही जपून करावे: अप्पा बळवंत चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी चाळीस पाने ए-४ आकारात काढून घेतली आणि घरी आल्यावर पाहिले, तर डावीकडचा समास कापला जाऊन क्रमांकाच्या रकान्यातली पहिली अक्षरे गेली होती. दोष संकेतस्थळाचा नव्हता. मूळ ताव मोठे आहेत, त्यामुळे ए-३ सांगावे किंवा आकार जुळवून छापायला सांगावे.

हवाई तळांच्या नोंदवह्या ‘एआयआर २८’मध्ये आहेत. त्यांतले मला हवे असलेले कागद डिजिटल रूपात मिळाले नाहीत, आणि सशुल्क नक्कल मागवायची तर आधी पाने तपासण्याचे शुल्क आणि नंतर नकलेचे वेगळे शुल्क पौंडांत भरावे लागते. पुण्यातल्या हौशी माणसाच्या खिशाला हे जड आहे. तिघांनी मिळून मागवले तरच परवडेल, म्हणून आमची मागणी सध्या थांबली आहे.

स्क्वॉड्रन आणि महिना माहीत असलेल्या वाचकासाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन, केवळ विमानाच्या क्रमांकावरून सुरुवात करणाऱ्यासाठी तीन. माझ्या मॉस्किटोला ‘ओबी’ ही स्क्वॉड्रनची अक्षरे लावून झाली आहेत. क्रमांकातला शेवटचा आकडा मात्र अजून कोरा आहे. तो आकडा ३ की ८, यावर काकांचे आणि माझे एकमत व्हायचे आहे.