सेल्फ लागत नाही: बॅटरी टाकायची, आरआर बदलायचा की कॉइल?

दुचाकीचा सेल्फ नुसता टकटक करतोय, हॉर्नचा आवाज बसलाय, इंडिकेटर मिणमिणतोय. गॅरेजवाला म्हणणार, बॅटरी टाका. बॅटरीच गेली असेल तर विषय संपला. पण गाडी चार्जिंगच करत नसेल, म्हणजे वीज बनवणारी मॅग्नेट कॉइल किंवा ती वीज बॅटरीजोगी करणारा आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) बिघडला असेल, तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरते आणि पैसे दोनदा जातात. त्यापेक्षा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तीन-चारशे रुपयांत मिळतो.

बॅटरीपासून सुरुवात करा, कारण ती तपासणं सगळ्यात सोपं. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुऊन नटबोल्ट आवळा. कित्येक गाड्यांचा आजार इथेच बरा होतो. रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. 12 च्या आसपास म्हणजे उतरलेली, पण उतरलेली बॅटरी बादच असते असं नाही. बाहेर चार्ज करून (9 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या बॅटरीला साधारण 0.9 अँपिअर पुरे) काही तासांनी पुन्हा मोजा. एवढं करूनही सेल्फ मारताना आकडा 9.5 व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बदला. तीन-चार वर्षं झालेल्या बॅटरीसाठी तर मी एवढा खटाटोपही करणार नाही.

बॅटरी ठणठणीत निघाली तर गाडी चालू करून, हेडलाइट लावून, चार-पाच हजार आरपीएमला टर्मिनलवर मीटर धरा. 13.5 ते 14.5 आलं तर चार्जिंग ठीक. 15 च्या वर गेलं तर दोष थेट आरआर युनिटचा. असल्या गाडीत बॅटरी फुगते, बल्ब उडतात. रेस करूनही आकडा साडेबाराच्या वर सरकत नसेल, तर मात्र संशय आरआर आणि मॅग्नेट कॉइल दोघांवर.

इथे घाई करू नका, कारण दोघांच्या खर्चात खूप फरक आहे. आरआर दोन बोल्ट आणि एका कपलरवर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) निघतो. कॉइलसाठी बहुतेक गाड्यांत इंजिनचं साइड कव्हर उघडावं लागतं, म्हणजे गॅस्केट आणि मजुरी आलीच, बऱ्याचदा ऑइलही.

कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर सोडवा. प्लास्टिक वितळलेलं, पिन तपकिरी पडलेली दिसली तर तो कपलर आधी बदला. नाहीतर नवा आरआरही तिथेच जळेल. मग मीटर एसीवर करून गाडी रेस करा आणि दोन-दोन वायरींमध्ये मोजा. तिन्ही जोड्यांत सारखं व्होल्टेज आलं आणि रेसबरोबर पन्नासच्या पुढे चढलं, तर कॉइल निर्दोष, आरआर बदला. एक जोडी मागे पडली, किंवा इंजिन बंद असताना एखादी पिवळी वायर बॉडीशी कंटिन्युइटी (थेट जोड) दाखवत असेल, तर कॉइल गेली. 100-125 सीसीच्या बऱ्याच गाड्यांची वायरिंग वेगळी असते, तिथे मॅन्युअलमधले आकडे धरा.

काही मेकॅनिक चालू गाडीची बॅटरी काढून चार्जिंग 'बघतात'. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला हे अजिबात करू देऊ नका, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला तर बॅटरीच्या कैक पट भुर्दंड बसेल.

सगळे आकडे बरोबर, तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी मरते? मग तिघांपैकी कशालाच हात लावू नका. निगेटिव्ह वायर सोडून चावी बंद ठेवा आणि मीटर 10 अँपिअरवर करून ती वायर आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्या मध्ये जोडा (सेल्फ मारू नका, मीटर खराब होऊ शकतो). दोन-चार मिलिअँपिअर चालतात. जास्त दिसलं तर बाहेरून लावलेला जीपीएस किंवा अलार्म काढून पुन्हा बघा.

कॉइलच गेली असेल तर नवी की रिवाइंडिंग (जुन्याच कॉइलवर नवी तार गुंडाळणं)? रिवाइंडिंग स्वस्त पडतं, पण तापलेल्या ऑइलमध्ये टिकणारी वायर आणि वार्निश वापरणारा कारागीर हवा. रोज लांबचा प्रवास असेल तर मी कंपनीची नवी कॉइलच टाकेन. जुन्या, सुटे भाग न मिळणाऱ्या गाडीला रिवाइंडिंगशिवाय इलाज नाही.