स्टुडंट, वेल्च की मान-व्हिटनी? हापूसच्या आकड्यांवरून

दोन गटांतला फरक तपासायला या तीनपैकी कोणती संख्याशास्त्रीय टेस्ट घ्यावी? पावसजवळच्या एका बागेत दोन हंगाम हापूसची कलमं मोजली, तेव्हा हा प्रश्न मलाही पडला होता. ४० कलमांना पावसाळ्यात बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझॉल (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) दिलेलं, १२ तशीच ठेवलेली. औषधाची कलमं साधारण सारखी लागली. उरलेल्या १२ मध्ये एखाद्याच्या फांद्या आंब्याने जमिनीला टेकलेल्या, तर शेजारचं नुसतं पालवलेलं.

वितरण नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं, नाही म्हणून लोक घाबरतात, पण नमुना बऱ्यापैकी असला की टी-टेस्ट (सरासऱ्या ताडणारी; स्टुडंट आणि वेल्च ही तिचीच दोन रूपं) तेवढं निभावून नेते. खरं दुखणं असमान प्रसरणाचं, म्हणजे दोन गटांतल्या आकड्यांचा पसारा वेगळा असण्याचं. दोन्ही गटांची संख्या सारखी असेल तर स्टुडंटची टेस्ट तेही बरंचसं पचवते. पण लहान गटातच पसारा जास्त असला, म्हणजे नेमकी माझी १२ कलमं, तर ती नसलेला फरक दाखवू लागते. ५ टक्के ठरवलेली चूक ५ वर राहत नाही. उलट, मोठ्या गटात पसारा जास्त असला तर खरा फरकही झाकला जातो.

मान-व्हिटनी मला आधी फार आवडली होती. ती आकड्यांऐवजी त्यांच्या लहान-मोठ्या क्रमांकांवर चालते, त्यामुळे एखादं भरघोस कलम निकाल ओढून नेत नाही. आकडे नॉर्मल असले तरी मोठ्या नमुन्यात टी-टेस्टच्या तुलनेत तिची कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या आसपास राहते. पण निकाल घेऊन बागेच्या मालकांकडे गेलो, तर काका म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण कलमामागं पेट्या किती वाढल्या?" माझ्या वहीत क्रमांकांच्या बेरजा होत्या, पेट्या नव्हत्या. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असता तर मध्यकातला फरक तरी सांगता आला असता. इथे पसाराच वेगळा. शिवाय औषधाचा खर्च निघायचा तो एकूण आंब्यातून, आणि एकूण आंबा सरासरीतून कळतो, क्रमांकातून नाही. काकांपुढे मी गप्प बसलो, तिथेच माझं ठरलं.

वेल्चची टेस्ट दोन्ही प्रसरणं वेगळी धरते आणि उत्तर पेट्यांत देते, विश्वास अंतरालासकट, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्या पट्ट्यासकट. प्रसरणं सारखी निघाली तरी तोटा नगण्य. म्हणून आधी प्रसरणं सारखी आहेत का ते बघणारी लेव्हीन टेस्ट लावून मग निवडायची पद्धत मला पटत नाही. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तर काही न सांगता वेल्चच चालते.

१२ ऐवजी ५-६ कलमं असती, किंवा चवीचे गुण मोजायचे असते, तर कदाचित मीही मान-व्हिटनीच घेतली असती. एक मात्र सांभाळा: एकाच कलमाचे दोन हंगाम म्हणजे दोन कलमं नव्हेत. तसं मोजलंत तर तिन्ही टेस्ट फसतात. मी दोन्ही हंगाम वेगवेगळे तपासले.