धुळीचा रबरी हाफ मास्क : मनीषनगरच्या साइटवरून

सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, होतो. आता मनीषनगरला एका इमारतीच्या कामावर देखरेख करतो. ग्रॅनाइट कापणाऱ्या पोरांसाठी इतवारीतल्या लोहाओळीतून दोन फिल्टरवाले रबरी हाफ मास्क आणले. एकेक मास्क दीड हजाराच्या आसपास पडला. महाग वाटेल, पण तोंडाला दुपट्टा गुंडाळून ही बारीक धूळ थांबत नाही.

रबर मऊ आहे, पट्टे टिकाऊ. घेताना दुकानातच लावून बघा. दोन्ही फिल्टरवर तळवे दाबून श्वास ओढायचा. मास्क आत ओढला जाऊन चेहऱ्याला चिकटला तर माप बरोबर. नाकाच्या बाजूने हवा शिरली तर दुसरं माप मागा. दुकानदार बहुतेकदा मधलंच माप हातात ठेवतो. आमच्या दाढीवाल्या मिस्त्रीला कुठलंच बसेना. "काका, दाढी तर काढणार नाही बाप्पा," म्हणाला. त्याला कटरवरून उठवून फिटिंगला लावलं.

मास्कची खरी अडचण नागपूरचा मे महिना. 45 अंशात रबराखाली घामाच्या धारा लागतात आणि थोड्या वेळाने मास्क गळ्यात लोंबतो. म्हणून एकट्या मास्कच्या भरवशावर राहू नका. खाणीत रूफ बोल्टसाठी, म्हणजे छत धरून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्यांसाठी, दगडात भोक पाडताना आधी पाणी, मास्क त्यानंतर. ग्रॅनाइटमध्येही क्वार्ट्झ असतोच. त्याची धूळ म्हणजे फुफ्फुसं खराब करणारा सिलिका. ड्रिलने उडो की कटरने, सिलिका तोच. अमेरिकेत 2016 साली बांधकामासाठी हवेतल्या सिलिकाची मर्यादा घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम ठरली, 2024 मध्ये खाणींच्या नियमातही तोच आकडा आला. आपल्याकडे नागपूरची खनिक आरोग्य संस्था सगळ्याच कामगारांचं आरोग्य बघणाऱ्या अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करायला 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मग खाणीतलं शहाणपण साइटवरही उतरू द्या की! खाणीत आमची दर 5 वर्षांनी तपासणी व्हायची, छातीच्या एक्स-रेसकट. किचन ओटे कापणाऱ्या पोराचा एक्स-रे कोण काढतं?

आम्ही कटरला पाण्याची नळी जोडली. चिखल होतो, बिल्डर कुरकुरतो, कुरकुरू दे. ओल्या कामाच्या विजेच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, मात्र हवाच. पाणी आणि मास्क दोन्ही असतील तर पैसे वसूल. कोरडं कापून नुसता मास्क लावणार असाल तर पाचपैकी दोनच गुण.

फिल्टर धुवू नका, कॉम्प्रेसरने फुंकू तर नकाच. श्वास जड जायला लागला की बदला. आणि सुटे फिल्टर मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा.