डिस्ने जीनी : उशिरा आलेली राईड-आरक्षण सेवा आणि पाहुण्यांचा कौल

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘डिस्ने जीनी’ ही सेवा १९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. तिची घोषणा ऑगस्ट २०१९ मध्ये, कंपनीच्या ‘डी२३’ या चाहत्यांच्या मेळाव्यात झाली होती आणि २०२० च्या अखेरीस ती पाहुण्यांच्या हाती येईल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. मध्येच महामारी आली, मार्च २०२० मध्ये तिथली चारही उद्याने बंद झाली, जुलैत ती पुन्हा उघडली आणि जीनीचा मुहूर्त जवळजवळ एका वर्षाने पुढे ढकलला गेला. हा उशीर कोणालाही समजण्यासारखा होता. पाहुण्यांना लागले ते वेगळेच : २०१९ मध्ये जे कबूल केले होते ते आणि २०२१ मध्ये जे हाती पडले ते, यांचा मेळ बसत नव्हता. या सेवेचे गुणदोष पाहताना मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिच्याविषयीच्या बहुतेक प्रतिक्रिया, अनुकूल आणि प्रतिकूल दोन्ही, इथूनच उगम पावतात.

कबूल केलेली गोष्ट आकर्षक होती. उद्यानातला दिवस कसा घालवायचा याचे नियोजन ॲप करून देईल, कोणत्या राईडला केव्हा जावे आणि जेवायला कुठे थांबावे हे सुचवेल, गर्दी बदलली की बेतही बदलेल, असे त्या वेळचे वर्णन होते. आगाऊ आखणीच्या कटकटीला कंटाळलेल्या पाहुण्यांना यापेक्षा वेगळे काही नकोच होते. या नियोजनासाठी वेगळे पैसे मोजावे लागतील, असा सूर त्या घोषणेत कुठेही नव्हता. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सविस्तर माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा मात्र उलगडा झाला की नियोजनाचा भाग विनामूल्य असला, तरी रांग टाळण्याची सोय ‘जीनी प्लस’ या नावाने विकत घ्यावी लागणार आहे आणि महामारीपूर्वी फुकट मिळणारा फास्टपास कायमचा बंद होत आहे. त्या माहितीची चित्रफीत यूट्यूबवर आली, तेव्हा तिला पसंतीपेक्षा नापसंती कितीतरी पटींनी अधिक मिळाली. सेवा वापरून पाहण्याआधीच लोकांनी आपले मत नोंदवले होते.

या रागाचे मूळ समजण्यासाठी फास्टपासचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. १९९९ मध्ये तो सुरू झाला. राईडच्या दाराशी असलेल्या यंत्रात आपले प्रवेशपत्र सरकवायचे, यंत्रातून एक कागदी चिठ्ठी बाहेर येई, तीवर परत येण्याचा तास छापलेला असे, आणि त्या तासात आले की छोट्या रांगेतून आत सोडत. त्यासाठी उद्यानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायपीट करावी लागे. पण जो लवकर येई त्याला लवकरची चिठ्ठी मिळे, इतका सरळ हिशेब होता. २०१३ पासून मनगटातील ‘मॅजिकबँड’ हा पट्टा आणि ॲप यांवर चालणारा फास्टपास प्लस आला. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ६० दिवस आणि इतरांना ३० दिवस आधी रोजच्या तीन राईड निवडता येऊ लागल्या. पायपीट संपली, पण दोन महिन्यांनंतरच्या एखाद्या मंगळवारी अकराऐवजी बारा वाजता आपण कोठे असू, हे ठरवण्याची पाळी कुटुंबावर आली. कुरकुर तेव्हाही होतीच. मात्र तो विनामूल्य होता आणि एकदा मिळालेली वेळ घरी बसूनच पक्की झालेली असे.

जीनी प्लसने यांपैकी दोन्ही गोष्टी काढून घेतल्या. सुरुवातीचा दर माणशी दिवसाला १५ डॉलर, कर वेगळा. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला रोजचे ६० डॉलर. त्यातही सर्वाधिक मागणी असलेल्या राईड या पासात नव्हत्याच. त्यांचे एकेक प्रवेश स्वतंत्र दराने घ्यावे लागत आणि दिवसाला असे दोनच घेता येत. हॉलीवूड स्टुडिओज या उद्यानातील ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ या राईडचा दर पहिल्याच दिवशी माणशी १५ डॉलर होता. तेव्हा त्याच चौघांना एका राईडसाठी आणखी ६० डॉलर मोजावे लागत, आणि तेही प्रवेशाचे तिकीट काढल्यानंतर. पाहुण्यांच्या प्रतिक्रियांत ‘प्रत्येक गोष्टीला आता पैसे’ हे वाक्य इतक्यांदा का येते, ते या हिशेबावरून कळते.

तरीही पैशांपेक्षा अधिक त्रासदायक ठरली ती सकाळी सातची वेळ. जीनी प्लसची पहिली निवड त्या दिवशी सकाळी सातलाच उघडत असे, आधी नाही. त्यामुळे सुट्टीवर आलेला माणूस सातला काही मिनिटे कमी असताना उठून, अंधारलेल्या खोलीत मुलांची झोप मोडणार नाही अशा बेताने फोन हातात घेऊन बसे आणि घड्याळाचा काटा सरकताच पडदा पुन्हापुन्हा ताजा करत राही. ‘स्लिंकी डॉग डॅश’सारख्या राईडची वेळ पाहता पाहता सकाळवरून दुपारवर जाई. शिवाय वेळ निवडण्याची मुभा नव्हती. ॲप जी पुढची रिकामी वेळ दाखवील ती घ्यायची किंवा सोडायची. ती वापरून झाल्यावर, किंवा ठरावीक दोन तास उलटल्यावर, दुसरी निवड करता येई. म्हणजे उद्यानात फिरतानाही दर थोड्या वेळाने फोन काढणे आलेच. मिरवणूक समोरून जात असताना आई खाली मान घालून पुढची राईड शोधते आहे, हे दृश्य पाहुण्यांनी वारंवार वर्णन केले आहे. दिवसभराच्या या वापराने फोनची बॅटरी दुपारीच संपत येई, ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण तिकीट, नकाशा, जेवणाची मागणी आणि आरक्षण हे सारे त्याच फोनात असल्यामुळे ती क्षुल्लक नव्हती.

यंत्रणा म्हणून पाहिले, तर प्रवेशाचा भाग चांगला चालतो, हे आवर्जून सांगायला हवे. ‘लाइटनिंग लेन’ या आरक्षितांच्या जलद रांगेच्या तोंडाशी गोल वाचक-यंत्र असते. त्यावर मनगटातील पट्टा किंवा कार्ड टेकवले, की कडेचे वर्तुळ हिरवे उजळते आणि आपण पुढे जातो. काही जुळले नाही तर ते निळे होते आणि कर्मचारी जवळ येऊन हातातल्या टॅबलेटवर काय ते पाहतो. आरक्षण असताना राईड बिघडली, तर बहुधा त्याऐवजी इतर काही राईडवर चालणारा प्रवेश आपोआप खात्यात जमा होतो. या बाबतीत पाहुण्यांचा सूर समाधानाचा आहे, आणि तो योग्य आहे.

अडचण यंत्रणेच्या मुळाशी आहे, आणि कोणतेही ॲप ती सोडवू शकत नाही. एखादी राईड तासाला समजा १,००० माणसे वाहून नेत असेल, तर आरक्षण आल्याने ती १,१०० नेत नाही. आरक्षितांना दिलेली प्रत्येक जागा साध्या रांगेतून काढून घेतलेली असते. दोन्ही रांगा जिथे एकत्र येतात तिथे उभा असलेला कर्मचारी आरक्षितांचे मोठे गट सोडतो, आणि मग साध्या रांगेतले थोडे. त्यामुळे साध्या रांगेत उभे असलेल्यांना आपण थांबलो आहोत आणि दुसरे कोणी पुढे जात आहे, हे डोळ्यांनी दिसते. जुलै २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये फास्टपास नव्हता आणि जीनीही नव्हती. रांगा अंतर राखल्यामुळे लांबच लांब दिसत, पण त्या सतत पुढे सरकत. त्या काळात जाऊन आलेल्या अनेकांनी हेच जास्त सुखाचे होते असे म्हटले आणि काहीच नको, हीच व्यवस्था राहू द्या, अशी मागणीही केली. त्या वेळी पाहुण्यांची संख्या मर्यादित होती हे खरे. तरीही मला ही मागणी भाबडी वाटत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीनेच सांगितले, की तिच्या अमेरिकी उद्यानांतील एक तृतीयांशाहून अधिक पाहुणे जीनी प्लस किंवा स्वतंत्र प्रवेश विकत घेत होते आणि नाताळच्या सुट्टीत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. गुंतवणूकदारांसाठी ही आनंदाची वार्ता होती. पाहुण्यासाठी तिचा अर्थ निराळा होतो : गर्दी जितकी मोठी, तितके जास्त लोक पास घेतात, आणि निम्म्या लोकांपाशी जलद रांगेचा पास असेल, तर ती रांग जलद राहायची कशी? ज्या दिवशी त्याची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवशी त्याचा उपयोग कमी. ऑक्टोबर २०२२ पासून दर तारखेप्रमाणे बदलू लागले, जून २०२३ पासून उद्यानाप्रमाणेही, आणि सर्वाधिक गर्दीच्या दिवसांत आकडा मूळच्या दुपटीच्या पुढे गेला. मागणी आटोक्यात ठेवण्याचा हा एक मार्ग आहे, हे मान्य. पण त्याचा भार त्या कुटुंबांवर पडतो, ज्यांना शाळेच्या सुट्टीखेरीज दुसरी वेळच नसते.

अनुकूल मते नव्हती असे मात्र नाही. आयुष्यात एकदाच, दोनतीन दिवसांसाठी आलेले आणि डिस्नेच्या हॉटेलात न उतरलेले पाहुणे अनेकदा समाधानी दिसले. जुन्या पद्धतीत ३० दिवस आधी निवड करायला बसले की चांगल्या राईड हॉटेलवाल्यांनी ६० दिवस आधीच घेतलेल्या असत. जीनी प्लसमध्ये निदान सातला सर्व जण एका रेषेवर होते. ज्यांनी ॲपची चाल समजून घेतली, एक वेळ वापरताच लगेच दुसरी घेतली आणि संध्याकाळसाठी निवडी साठवून ठेवल्या, त्यांना एका दिवसात जुन्या तीन राईडच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त मिळाले.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचे उदाहरण याहूनही बोलके आहे. तिथे हीच सेवा ८ डिसेंबर २०२१ रोजी २० डॉलरला, म्हणजे अधिक दराने सुरू झाली आणि तरी तिथला विरोध तुलनेने सौम्य राहिला. तिथे २०१७ पासून मॅक्सपास हा सशुल्क पास होता, त्यामुळे पैसे देण्याची सवय झालेली होती. उद्यानात काढलेली छायाचित्रे दरातच मिळत. आणि मुख्य म्हणजे पहिली निवड उद्यानात पाऊल ठेवल्यावरच करता येई, सातचा गजर लावायचे कारण नव्हते. तंत्रज्ञान तेच, नियम निराळे, आणि प्रतिक्रियाही निराळ्या. फ्लोरिडात जे बिनसले ते नियमांमुळे, असे मला यावरून ठामपणे वाटते.

ज्याच्यासाठी ही सगळी वाट पाहिली, त्या विनामूल्य नियोजनाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्याविषयी सांगण्यासारखे फार थोडे आहे. आपल्या आवडी नोंदवल्या, तरी ॲप अनेकदा न मागितलेली आणि कमी गर्दीची ठिकाणे सुचवत असे. पाहुण्याच्या आवडीपेक्षा गर्दी पांगवण्याकडेच त्याचा कल होता, अशी शंका पुष्कळांनी बोलून दाखवली आणि ती मला रास्त वाटते. राईडची सद्यःस्थिती दाखवणारा फलक आणि दिवसभराच्या प्रतीक्षेचा अंदाज मात्र खरोखर उपयोगी आहेत. पैसे न देणाऱ्यांनीही ते पाहावेत.

२४ जुलै २०२४ रोजी जीनी प्लस हे नाव गेले आणि ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ आला. डिस्नेच्या हॉटेलांतील पाहुण्यांना सात दिवस आणि इतरांना तीन दिवस आधी तीन राईड निवडता येतात, सोयीची वेळही निवडता येते, आणि पहिली राईड झाली की पुढची घेता येते. फास्टपास प्लस ज्यांनी वापरला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. फक्त त्याला आता दर लागतो. तरीही ही सुधारणा मोठी आहे. पाहुणे तीन वर्षे जे सांगत होते ते कोणीतरी ऐकले, आणि सुट्टीची सकाळ त्यांना परत मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला प्रीमियर पास मात्र मला खटकतो. वेळ न निवडता प्रत्येक राईडच्या जलद रांगेत एकदा जाता येण्यासाठी माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर हा सुरुवातीचा दर सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नव्हता, आणि त्याचे धारकही शेवटी त्याच मर्यादित जागांतून जाणार आहेत.

आज जाणाऱ्याने काय करावे? मॅजिक किंगडममध्ये राईडची संख्या मोठी असल्याने मल्टी पासचे पैसे वसूल होतात. दर तिथेच सर्वांत जास्त असला, तरी एकाच उद्यानासाठी घ्यायचा झाल्यास मी तिथलाच घेईन. हॉलीवूड स्टुडिओजमध्ये गर्दीच्या हंगामात तो घ्यावा, कारण तिथल्या मोजक्या राईडवर सगळ्यांचीच झुंबड असते. ॲनिमल किंगडममध्ये सकाळी लवकर पोहोचणाऱ्याला त्याची गरज भासत नाही. डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल, तर रोज सर्वांच्या अर्धा तास आधी मिळणारा प्रवेश आधी वापरून पाहा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि त्या अर्ध्या तासात एखादी मोठी राईड होऊन जाते. पास घ्यायचाच असेल, तर सर्वांत मागणीची राईड पहिल्याच बैठकीत राखून ठेवा, तिची वेळ शक्य तितकी सकाळची घ्या म्हणजे पुढच्या निवडी लवकर खुल्या होतील, आणि घरातल्या एकाच व्यक्तीच्या फोनवर हे काम सोपवून बाकीच्यांचे फोन खिशात राहू द्या.