हृदयदोष असलेल्या बाळाचा मेंदू: सोनोग्राफी करावी की एमआरआय?

बाळाच्या हृदयात दोष निघाला, की सोलापुरात घरचे सगळे ऑपरेशनच्या मागे लागतात. पुण्याला कधी निघायचं, खर्च कसा भागवायचा. मेंदूचं विचारायचं राहून जातं. गंभीर दोषात गर्भातच मेंदूला ऑक्सिजन कमी पोचतो आणि काही बाळांना ऑपरेशनआधीच इजा झालेली असते. लहानसं छिद्र असेल तर मात्र यातलं बहुतेक काही लागत नाही.

सोनोग्राफी टाळूतून होते, बाळाच्या खाटेपाशीच, भूल न देता. रक्तस्राव, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या वाढणं हे तिच्यात छान दिसतं. पांढऱ्या भागातल्या बारीक इजा आणि कडेचे छोटे स्ट्रोक (रक्तपुरवठा तुटून झालेली इजा) मात्र निसटतात. म्हणजे अहवाल नॉर्मल आला तरी मेंदू निर्धोक ठरत नाही. टाळू भरत आली की ही वाटही बंद होते.

त्या बारीक इजा एमआरआयमध्ये दिसतात. अगदी लहान बाळाला पोटभर पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कानांना संरक्षण दिलं, तर बऱ्याचदा भूल लागत नाही. हललं तर फोटो वाया जातात. ऑपरेशननंतर पेसिंगच्या (हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या) तात्पुरत्या तारा असतील तर त्या निघेपर्यंत सहसा थांबतात. निळं पडणारं, अस्थिर बाळ केवळ फोटोसाठी दूर हलवू नये. आमचं मत: आधी सोनोग्राफी, आणि मोठं ऑपरेशन होणार असेल तर एमआरआय ऑपरेशनच्याच रुग्णालयात.

आयसीयूत कपाळावर चिकटवायचा एनआयआरएसचा (अवरक्त प्रकाशाने ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर मेंदूतला ऑक्सिजन सतत दाखवतो. निळ्या बाळाचा आकडा मुळातच कमी असतो, म्हणून त्याच्याच सुरुवातीच्या आकड्याशी तुलना करतात. त्यापेक्षा 20 टक्के घसरण झाली की कारण शोधतात. कपाळ घामट असेल तर सेन्सर सुटतो आणि आकडा फसवतो. ऑपरेशननंतरचे झटके (फिट्स) पुष्कळदा डोळ्यांना दिसतच नाहीत, ते ईईजीतच, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीतच कळतात.

घरी आल्यावर यंत्रांपेक्षा टेप आणि वाढीच्या तपासण्या कामाच्या. मोठ्या ऑपरेशननंतर साधारण 6 आणि 18 महिन्यांना, मग 3 आणि 5 वर्षांना विकासाची तपासणी करून घ्यावी. आरबीएसकेचं (मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाचं) पथक अंगणवाडीत येतं, त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राविषयी विचारा. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून, न ताणणाऱ्या टेपने तीनदा मोजा. सर्वांत मोठा आकडा तारखेसह लसीकरणाच्या कार्डावर लिहा.