टाटा मेमोरियल, परळ: चौथ्या स्टेजचा फुफ्फुसाचा कॅन्सर असेल तर

आईने जन्मात कधी विडी-सिगारेट ओढली नाही. खोकला हटेना म्हणून फोटो काढला, तर छातीत पाणी आणि थेट चौथी स्टेज. गावाकडच्या खासगी दवाखान्यात म्युटेशनची, म्हणजे कॅन्सरच्या पेशींतल्या जनुकात झालेल्या बदलाची, तपासणी न करताच केमो लावायला निघाले होते, आणि मला बाजूला घेऊन "तीन महिने धरा" म्हणाले. आम्ही परळ गाठलं.

येताना लॅबमधून स्लाइड आणि बायोप्सीचा ब्लॉक सही करून मागून आणा. बोटाच्या पेराएवढी मेणाची वडी असते, पण तिच्यावरूनच ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्या होतात. ती नसेल तर पुन्हा सुई टोचावी लागू शकते. आईचा ईजीएफआर पॉझिटिव्ह आला, म्हणजे त्या जनुकात बदल सापडला, एक्झॉन १९ या भागात.

डॉक्टरांनी आधी आईलाच विचारलं, "मावशी, सगळं ऐकायचंय का?" आई म्हणाली, "सांगा, मला घरचं मार्गी लावायचंय." मग सरळ सांगितलं: आजार मुळातून जाणार नाही, पण गोळ्यांनी बऱ्याच जणांचा चांगला आटोक्यात राहतो, किती काळ ते प्रत्येकाचं वेगळं. रोज एक जेफिटिनिब, ही या बदलावरची गोळी, किंवा तिच्यासोबत केमो. टाटामध्येच झालेल्या आणि २०२० साली छापून आलेल्या अभ्यासात नुसत्या गोळीवर आजार सरासरी ८ महिने थोपला, दोन्ही मिळून १६. मात्र औषधांचा तीव्र त्रास होणारेही २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. ऑसिमर्टिनिब ही दुसरी गोळी हा तिसरा पर्याय, पण तेव्हा तो आमच्या ऐपतीबाहेरचा होता. आईने विचार करून नुसती गोळी निवडली. तोंडावर पुरळ आलं, जुलाब झाले, पण दम लागणं कमी झालं आणि ती पुन्हा स्वतःच्या हाताने भाकरी थापायला लागली.

पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, विभागात पहिल्यापासून नाव घाला. 'शेवटचं' समजून लोक टाळतात, आणि माणूस विनाकारण वेदना सोसतो. दम लागण्यावर मॉर्फिनचा बारीक डोस चालतो, हे मला तिथेच कळलं.

हॉस्पिटलच्या स्मार्ट कार्डवर पैसे आधी भरून ठेवा, राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. आणि म्युटेशनचा रिपोर्ट यायचा असेल तर केमोला होकार देण्याआधी "थोडं थांबता येईल का?" एवढं डॉक्टरांना नक्की विचारा. धाप फार लागत असेल तर थांबता येत नाही, तेही ते सांगतील.