सात महिने एक्सएफसीईवर: जुना संगणक, वापरणारे दोघं

चोपड्याला आमच्या घरी एकच डेस्कटॉप संगणक आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, नंतर बसवून घेतलेली एसएसडी. त्यावर मी शाळेच्या प्रश्नपत्रिका काढते आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे, केळीचा हिशेब ठेवतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. धडधाकट यंत्र भंगारात घालायला मन होईना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. इथे डेस्कटॉप म्हणजे खिडक्या, मेनू आणि पट्ट्या यांची पडद्यावरची सगळी मांडणी. आता मे संपत आलाय.

मिंट तीन डेस्कटॉपांत मिळतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. पेनड्राइव्हवरून सिनॅमन चालवून पाहिला. देखणा आहे, पण ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की आमच्या ४ जीबीत जड व्हायचा. एक्सएफसीई नुसता चालू असताना माझ्याकडे साधारण ८५० एमबी घेतो. १९९६ पासून चालत आलेला हा प्रकल्प आहे. नावातलं ‘एक्सएफ’ खिडक्या-बटणं बनवायच्या ज्या एक्सफॉर्म्स या साधनावरून आलं, ते कधीच मागे पडलं, नाव तेवढं राहिलं. इन्स्टॉल करायला अर्धा तास लागला आणि प्रिंटर आपोआप ओळखला गेला. खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली. दोघांसाठी एकच खातं ठेवलं आणि सगळं माझ्या सोयीनं मांडलं. चार वर्कस्पेस, म्हणजे एकाच पडद्यावर आलटून पालटून येणारे वेगवेगळे डेस्कटॉप, केल्या: एकीत प्रश्नपत्रिका, दुसरीत पुस्तकाची पीडीएफ, तिसरीत गुणतक्ता, चौथीत ब्राउझर. मला हे फार आवडलं. पण दुसऱ्याच दिवशी आप्पांनी हाक मारली, “व माय, मन्ही खिडकी कोठे गयी व?” कांदेबागचा (केळीच्या दोन लागवडींपैकी एकीचा, दुसरी मृगबाग) तक्ता उघडा होता आणि तो अचानक नाहीसा झाला होता. एक्सएफसीईत डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचं चाक फिरलं की वर्कस्पेस बदलते. टायटल बारवर फिरलं तर खिडकी गुंडाळली जाते, फक्त वरची पट्टी उरते. आप्पांचं बोट चाकावर सतत असतं. मला हे कळायला दोन दिवस लागले आणि तोवर ते संगणकाला हात लावायला कचरायला लागले होते. ते मला फार लागलं.

दोन्ही सवयी बंद करता येतात. सेटिंग्जमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ उघडा. ‘वर्कस्पेसेस’ या टॅबमध्ये चाकानं वर्कस्पेस बदलण्याची खूण काढा, आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ टॅबमध्ये चाकानं खिडकी गुंडाळण्याची. घरात वयस्कर माणूस असेल तर हे पहिल्याच दिवशी करा.

मग आप्पांना वेगळं खातं काढून दिलं. एक्सएफसीईची सगळी मांडणी खात्यागणिक वेगळी राहते, त्यामुळे माझ्या चार वर्कस्पेसना धक्का लागला नाही. त्यांच्याकडे एकच वर्कस्पेस, खालचं पॅनेल (बटणांची पट्टी) जाड, अक्षरांचा डीपीआय वाढवलेला, म्हणजे अक्षरं मोठी, आणि डेस्कटॉपवर फक्त चार लाँचर, म्हणजे क्लिक केलं की प्रोग्राम उघडणारी चित्रं. लाँचरचं नाव बदलता येतं, म्हणून कुठलं नाव देऊ ते त्यांनाच विचारलं. ‘केळीना हिसाब’, ‘फोटू’, ‘भजन’, ‘बातम्या’. मेनू इंग्रजीतच आहेत, पण त्यांना मेनूत जावंच लागत नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र जानेवारीत सापडली. आप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. अक्षरं मोठी केली तरी तक्त्यातले आकडे त्यांना जवळ जाऊन वाचावे लागायचे, आणि फार मोठी केली की तक्त्याचे रकाने पडद्याबाहेर जायचे. त्याच ‘ट्वीक्स’मध्ये ‘कंपोझिटर’ टॅबखाली चाकानं डेस्कटॉप मोठा करण्याची सोय आहे. ऑल्ट दाबून चाक वर फिरवलं की बाणाभोवतीचा भाग मोठा होतो, खाली फिरवलं की पूर्ववत. फार मोठं केलं तर अक्षरांच्या कडा पुसट होतात, पण आकडा स्पष्ट ओळखू येतो. मी करून दाखवलं, त्यांनी स्वतः केलं, आणि तेव्हा म्हणाले, “आते बठ्ठं दिसस.” (आता सगळं दिसतं.) त्या दिवसापासून कांदेबाग आणि मृगबागेचे दोन्ही तक्ते तेच भरतात. कटाईच्या दिवशी क्विंटल आणि भाव लिहायला मला बोलवत नाहीत.

मराठी टंकलेखनाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. आधी मी रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची पद्धत वापरली. पटकन जमते, पण जोडाक्षरांत वेग जातो. मग कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम डीफॉल्ट’ची खूण काढून ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ हा लेआउट जोडला आणि कॅप्स लॉकवर भाषा बदलायची सोय ठेवली. पंधरा दिवस चिकाटीनं बसले आणि हात वळला. शिफ्ट-एन म्हणजे ळ, शिफ्ट-जे म्हणजे ऱ. ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना शिफ्ट-जे, मग डी, मग य. इतकं सरळ मला आधी कधीच जमलं नव्हतं. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत मजकुराची भाषा हिंदी राहिली असेल तर ती मराठी करा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये त्यामुळे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श येतात. शासनाच्या २००९ च्या निर्णयात हीच वळणं मराठीसाठी ठरवली आहेत, आणि पाचवीच्या मुलांसमोर दुसरं वळण ठेवणं मला पटत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फाँटमधल्या होत्या. तो फाँट होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाँट्स फोल्डरात टाकला आणि त्या उघडल्या. नव्या मात्र सगळ्या युनिकोडमध्येच.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास गेला तेव्हा पॅनेलवर सेन्सर प्लगिन लावलं. प्रोसेसरचं तापमान डोळ्यांसमोर राहिलं, एका दुपारी ते नेहमीपेक्षा बरंच वर दिसलं, आणि उघडून पाहिलं तर पंख्यात धूळ गच्च. साफ केल्यावर उतरलं.

त्रास झालाच नाही असं नाही. व्हिडिओ पाहताना पडद्यावर आडवी रेघ फाटल्यासारखी यायची. ‘सेटिंग्ज एडिटर’मध्ये विंडो मॅनेजरच्या चॅनेलखाली ‘व्हीब्लँक मोड’ ही नोंद जीएलएक्स केली आणि लॉगआउट करून परत आले, तेव्हा थांबली. खिडकीची कड इतकी बारीक की माउसनं पकडणं कठीण. त्याला उपाय म्हणजे ऑल्ट दाबून खिडकीत कुठेही उजवं बटण धरून ओढायचं. मिंट २२ मधल्या एक्सएफसीई ४.१८ मध्ये ‘अपिअरन्स’मधलं विंडो स्केलिंग एकपट नाहीतर दुप्पट एवढंच आहे, म्हणून मी अक्षरांच्या डीपीआयवर भागवते. ज्याचा लॅपटॉप जास्त रिझोल्यूशनच्या पडद्याचा असेल त्यानं आधी पेनड्राइव्हवरून नीट पाहून घ्यावं. ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, पण मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मला घाई नाही.

आणखी एक. मार्चमध्ये मी पॅनेलची फाइल हातानं बदलली आणि लॉगआउट करताच बदल पुसला गेला. चालू असताना सेटिंग्ज मेमरीत राहतात आणि फाइलवर परत लिहिल्या जातात. तेव्हापासून बदल सेटिंग्जमधूनच करते आणि ‘पॅनेल प्रेफरन्सेस’मधल्या बॅकअपनं मांडणी जपून ठेवते. धुळ्याच्या भाच्यानं त्याच्या आजोबांसाठी ती मागितली आहे. पॅनेलचा बॅकअप पेनड्राइव्हवर दिलाय, पण त्यात चाकाच्या सेटिंग्ज येत नाहीत. त्या त्याला तिथे बसून हातानंच कराव्या लागतील.